घरच्या वादातील कूटसाक्ष

काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातील कौटुंबिक न्यायालयाचे समन्स आम्हांस आले. शाळेचे जनरल रजिस्टर आणि दोन वर्षांची फीची पावतीपुस्तके घेऊन साक्षीस हजर राहावे, असा हुकूम होता. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेचे दप्तर मराठीत असते आणि न्यायाधीश ती भाषा जाणणारे असतातच असे नाही. तेव्हा दप्तर नुसते पुढे ठेवून भागणार नव्हते, ते वाचून त्याचा अर्थही शपथेवर सांगावयाचा होता. इयत्ता नववीतील एका मुलाच्या आईवडिलांचा पोटगीचा वाद होता. मुलाची सारी फी आपणच भरतो, असे वडिलांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिले होते. फी थकली असून मुलाचे नाव शाळेतून कमी होण्याची वेळ आली आहे, असे आईने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिले होते. आम्ही पावतीपुस्तक उघडले. फी प्रत्येक सत्रात वेळेवर भरलेली होती, आणि ती भरणारा होता त्या मुलाचा आजोबा, आईचा वृद्ध बाप. स्थळप्रतींवर त्याची थरथरती सही होती.

न्यायाधीशांनी दोघांकडे क्षणभर पाहिले, काही टिपून घेतले आणि पुढची तारीख दिली. दोन शपथा झाल्या होत्या, दोन्ही खोट्या ठरल्या होत्या, आणि भिंतीवरचे घड्याळ चालतच होते.

येथे एक गोष्ट सांगून टाकणे बरे. समन्स येण्यापूर्वी महिनाभर ते वडील शाळेत आम्हांस भेटून गेले होते. मागील तारखांच्या पावत्या आपल्या नावे मिळाव्यात, एवढीच त्यांची विनंती होती. गृहस्थ सभ्य होते, बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले होते, आणि "पैसे शाळेला मिळालेच आहेत, नाव कोणाचे याने काय बिघडते?" हा त्यांचा प्रश्न वरकरणी निरुत्तर करणारा होता. आम्ही नकार दिला. पण त्या नकारास आम्हांस दोन दिवस लागले. पुढे दंडसंहिता उघडून पाहिली तेव्हा कळले की तशी पावती लिहून देणे म्हणजे खोटा पुरावा तयार करणे, आणि न्यायालयातील कामासाठी ते केल्यास शिक्षा सात वर्षांपर्यंत. खोटा दाखला देणाऱ्यासही कायदा खोट्या साक्षीदाराच्याच पंक्तीस बसवितो. पंचवीस वर्षे आम्ही दाखल्यांवर सह्या करीत आलो; त्या सहीचे हे वजन आम्हांस तोवर ठाऊक नव्हते.

तेव्हापासून या विषयाने आमचा पिच्छा सोडलेला नाही. घरच्या वादात खोटी शपथ घेणाऱ्याचे पूर्वी काय होत असे, आज काय होते, आणि कायद्यात एवढी जबर शिक्षा असता त्या दिवशी काहीच का झाले नाही?

आरंभ धर्मशास्त्रापासून करू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीदारांचे प्रकरण मोठे आहे. लहान पशूच्या वादात खोटे बोलणारा पाच जणांच्या हत्येचा धनी होतो, गाईच्या वादात दहा, घोड्याच्या वादात शंभर, माणसाच्या वादात हजार, आणि भूमीसाठी खोटे बोलणाऱ्याला तर सर्वहत्येचे पातक लागते, अशी ती चढती भीती आहे. परंतु आम्हांस त्याहून अधिक लक्षणीय वाटले ते दंडाचे प्रकरण. माणूस खोटी साक्ष कशापोटी देतो हे पाहून मनू दंड ठरवितो. लोभाने दिली तर हजार पण. मोहाने दिली तर पूर्वसाहस, म्हणजे अडीचशे पण. मैत्रीखातर दिली तर त्याच्या चौपट. कामापोटी दिली तर दहापट. भयाने दिली तर मध्यम साहसाच्या दुप्पट. केवळ अजाणतेपणाने दिली तर दोनशे आणि पोरकटपणाने दिली तर शंभर. खोटे एकच, पण त्यामागचे मन आठ प्रकारचे, हे त्या शास्त्रकाराने ओळखले होते. आजचा कायदा एवढ्या खोलात शिरत नाही. हेतुपुरस्सर खोटे बोललात की नाही, एवढेच तो विचारतो.

पण याच अध्यायात एक चोरवाट आहे. स्त्रियांशी होणारा प्रणय, विवाह, गाईचा चारा, सरपण आणि ब्राह्मणाचे रक्षण या कामी घेतलेल्या खोट्या शपथेला पातक नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे! भूमीसाठी खोटे बोलणाऱ्याच्या माथी सर्वहत्या, आणि विवाहासाठी खोटे बोलणाऱ्यास मोकळीक. पुढे काही टीकाकारांना हे अवघड वाटले असावे; त्यांनी या सवलतीची व्याप्ती प्रियाराधनातील आणाभाकांपुरती आवळून घेतली. तरीही घरातले खोटे हे बाजारातल्या खोट्यापेक्षा हलके, ही समजूत त्या श्लोकापाशीच संपली असे मात्र दिसत नाही.

मराठेशाहीतील न्यायपद्धतीत घरचे वाद म्हणजे बहुधा वतनाचे वाद. वडीलपणा कोणत्या शाखेचा, दत्तक खरा की खोटा, वाटणी झाली होती की नव्हती, या भाऊबंदकीने जुनी दप्तरे भरलेली आहेत. निवाडा करणारी गोतसभा. तिच्यात गावचे पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावांचे मोकदम. वादी-प्रतिवादी आधी राजीनामा आणि जामीन देत. साक्षीदारास देवळात किंवा नदीच्या पात्रात उभे करून, हाती बेलभंडार देऊन विचारीत. कृष्णेच्या पाण्यात उभे राहून दिलेल्या साक्षी कागदोपत्री आढळतात. खोटे बोलशील तर तुझे बेचाळीस पूर्वज नरकात जातील, हा धाक असे. कागद आणि माणसे दोन्ही थकली की दिव्य. रवादिव्यात तापलेल्या तेलातून धातूचा रवा हाताने बाहेर काढावयाचा. मग हातावर पिशवी बांधून मोहर करावयाची, आणि तिसऱ्या दिवशी सर्वांसमक्ष हात पाहावयाचा. जिंकणाऱ्याने सरकारला हरकी द्यावयाची, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावयाची आणि आपली हार मान्य असल्याचे यजितपत्र लिहून द्यावयाचे.

त्या कागदांतील एक शब्द आम्हांस फार बोलका वाटतो. हरणाऱ्यास तेथे 'खोटा झाला' असे म्हणतात. म्हणजे दावा हरणे आणि असत्य बोलणे या दोन गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या; हरला तो खोटा, आणि गुन्हेगारी त्याच्या माथी. आजच्या कायद्याने या दोहोंत भिंत उभी केली आहे. दावा हरला म्हणून कोणी खोटा साक्षीदार ठरत नाही. त्यासाठी स्वतंत्र चौकशी, स्वतंत्र फिर्याद, स्वतंत्र खटला लागतो. या भिंतीची किंमत काय आणि गरज किती, ते पुढे येईल. मात्र गोतसभेकडे एक बळ होते ते आजच्या न्यायालयाकडे नाही: खोटे बोलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच पारावर, त्याच माणसांत बसावे लागे.

इंग्रजी अमलात शपथेतील देवदैवते हळूहळू बाहेर पडली. १८४० च्या पाचव्या अधिनियमाने हिंदू व मुसलमान साक्षीदारांसाठी गंगाजल आणि कुराण यांच्या शपथा बंद करून त्यांच्या जागी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा आणली. १८७३ च्या शपथ अधिनियमाने जुन्या पद्धतीला एक खिडकी उघडी ठेवली होती. प्रतिपक्षाने अमुक देवळात, अमुक रीतीने शपथ घेतली तर ती आपणांस बंधनकारक राहील, असे एखादा पक्षकार म्हणू शके, आणि तशी शपथ घेतली गेली की ती त्या मुद्द्यावर निर्णायक पुरावा ठरे. म्हणजे बेलभंडार एका अर्थी कायद्याच्या पुस्तकात शिल्लक होता. १९६९ च्या नव्या शपथ अधिनियमात ही तरतूद ठेवली नाही. आता शपथ ईश्वरसाक्ष घ्या की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा, फरक काही नाही. किंबहुना शपथ देण्याचे राहून गेले तरी साक्षीदारावरील खरे बोलण्याचे बंधन सुटत नाही. आम्हांस त्या दिवशी शपथ दिली गेली ती एका दमात, एखाद्या गाडीचे नाव पुकारावे तशी. बंधन त्या उच्चारात नसून अधिनियमात आहे हे ठाऊक असूनही आम्हांस ते थोडे खटकले.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने खोट्या साक्षीची व्याख्या १९१ व्या कलमात केली, खोटा पुरावा रचणे १९२ व्या कलमात घातले आणि १९३ व्या कलमाने न्यायालयीन कामातील अशा कृत्यास सात वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला. हे कलम घरच्या वादात पूर्ण ताकदीने वापरले गेल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मराठी वाचकास अपरिचित नाही. तथापि ते बहुधा राजकारणाचे प्रकरण म्हणून वाचले जाते, आणि कुटुंबाच्या बाजूने त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ते म्हणजे ताईमहाराज प्रकरण.

पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. मित्राच्या अंतकाळी ते जवळ होते, आणि मृत्युपत्रातील विश्वस्तांत त्यांचे नाव होते. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हेही त्यांत होते. बाबामहाराजांची पत्नी ताईमहाराज वयाने लहान आणि गरोदर होती. मुलगा न झाल्यास किंवा न जगल्यास विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी मृत्युपत्रात सोय होती. मुलगा झाला, पण काही आठवड्यांतच गेला. जून १९०१ मध्ये टिळक व खापर्डे ताईमहाराजांसह निजामाच्या राज्यातील औरंगाबादेस गेले. तेथे पंडित घराण्याची एक शाखा होती. त्या शाखेतील जगन्नाथ नावाचा लहान मुलगा दत्तक घेण्यात आला, असे विश्वस्तांचे म्हणणे. पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांचे मन फिरले. जुलैच्या अखेरीस त्यांनी मृत्युपत्राचे प्रोबेट रद्द करण्यासाठी जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्याकडे अर्ज केला, आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या शाखेतील बाळामहाराजांस दत्तक घेतले. या दुसऱ्या दत्तकाला कोल्हापूर दरबाराचा पाठिंबा होता.

आता सारा वाद एका साध्या घरगुती प्रश्नावर येऊन ठेपला. औरंगाबादेस त्या दिवशी मुलगा खरोखर मांडीवर दिला-घेतला गेला की नाही? एका खोलीत काही माणसे बसली होती. त्यांपैकी काही म्हणत, विधी झाला. ताईमहाराजांचे म्हणणे, दत्तविधान झालेच नाही. अ‍ॅस्टन यांनी टिळकांची दीर्घ उलटतपासणी चालू दिली आणि एप्रिल १९०२ मध्ये निकाल दिला: दत्तक झाला नाही, टिळक खोटे बोलले, प्रोबेट रद्द. एवढ्यावर न थांबता त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४७६ व्या कलमाखाली टिळकांना खटल्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे पाठविले. ऑगस्ट १९०३ मध्ये विशेष दंडाधिकारी क्लेमंट्स यांनी त्यांस खोट्या साक्षीबद्दल अठरा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. जानेवारी १९०४ मध्ये सत्र न्यायाधीश ल्यूकस यांनी दोष कायम ठेवून शिक्षा सहा महिन्यांवर आणली, आणि टिळकांची रवानगी तुरुंगात झाली. काही दिवसांनी जामीन मिळाला. मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी शिक्षा रद्द करून टिळकांस दोषमुक्त केले.

दिवाणी वाद याहून लांबला. १९०६ साली पुण्याच्या न्यायालयाने जगन्नाथाचा दत्तक खरा मानला. १९१० साली उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. आणि मार्च १९१५ मध्ये, टिळक मंडालेहून परतल्यानंतर, प्रिव्ही कौन्सिलने तो पुन्हा खरा ठरविला. लॉर्ड शॉ यांनी त्या निकालात एक तत्त्व सांगितले ते आजही वकिलांच्या तोंडी असते. प्रतिष्ठित साक्षीदारांच्या एका गटाला कटवाले आणि खोटारडे ठरवावयाचे असेल, तर तो आरोप उलटतपासणीत त्यांच्या तोंडावर ठेवला पाहिजे. उत्तराची संधी न देता मागाहून निकालपत्रात तो डाग लावता येणार नाही. चौदा वर्षांनी, सातासमुद्रांपलीकडे, औरंगाबादेच्या त्या खोलीत काय घडले ते कायद्याने निश्चित केले.

या प्रकरणाची कथा सांगणारे येथे टिळकांच्या विजयापाशी थांबतात. आम्हांस मात्र त्यापुढे दोन गोष्टी बोचतात. पहिली ही की एका न्यायाधीशाची खात्री पटली होती, एका दंडाधिकाऱ्याची पटली होती, एका सत्र न्यायाधीशाची पटली होती, आणि तिघांचीही खात्री चुकीची होती. टिळक, खापर्डे यांच्यासारखी कायदा जाणणारी, साधनसंपन्न माणसे होती म्हणून ती वरच्या पायरीपर्यंत पोहोचली. एखादा सामान्य कारकून असता तर सहा महिने भोगून, कायमचा 'खोटा' होऊन बाहेर पडला असता. दुसरी गोष्ट ताईमहाराजांची. शेवटचा निकाल खरा, तर न्यायालयापुढील त्यांचे म्हणणे खोटे होते. पण त्या विधवा मुलीला जो तो आपापल्या कागदावर सही करावयास लावीत होता. तिचे म्हणणे तिचे किती आणि तिच्याभोवती बसलेल्यांचे किती, हे कोणत्या कलमाने ठरवावे? मनूच्या आठ कारणांत भय आहे, मोह आहे, अजाणतेपण आहे. ताईमहाराज १९१५ चा निकाल पाहण्यास हयात नव्हत्या.

ज्या ४७६ व्या कलमाखाली टिळकांना पाठविण्यात आले त्यात तेव्हा एवढेच होते की, चौकशीस आधार आहे असे न्यायालयास वाटल्यास त्याने प्रकरण दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे. १९२३ च्या दुरुस्तीने तेथे एक चाळणी बसविली: खटला भरणे न्यायाच्या हितास उचित आहे, असे न्यायालयाचे मत झाले पाहिजे, लेखी फिर्याद न्यायालयानेच केली पाहिजे, आणि त्या निर्णयावर अपील असले पाहिजे. हेच कलम १९७३ च्या संहितेत ३४० झाले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३७९ या क्रमांकाने नांदत आहे. शिक्षेचे १९३ वे कलम भारतीय न्याय संहितेत २२९ झाले. कैद सात वर्षांपर्यंतच, दंडाची मर्यादा मात्र आता दहा हजार रुपये लिहिली आहे. नवऱ्याने खोटे प्रतिज्ञापत्र केले म्हणून बायको थेट पोलिसांत जाऊन हा खटला भरू शकत नाही, की बायकोविरुद्ध नवराही भरू शकत नाही. ज्या न्यायालयासमोर खोटे बोलले गेले त्यानेच मनावर घेतले पाहिजे. २००५ साली एका मृत्युपत्राच्या वादातून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी असा खुलासा केला की, 'उचित' हे ठरविताना खोट्यामुळे प्रतिपक्षाचे किती नुकसान झाले यापेक्षा न्यायदानाला किती बाधा आली, हे पाहावयाचे. घरच्या वादात दुखावलेला पक्ष नेमका पहिल्या मोजमापाने मोजीत असतो, आणि न्यायालय दुसऱ्याने. त्यामुळे बहुतेक अर्ज निष्फळ होतात आणि अर्जदार कपाळावर हात मारून घेतो.

असेही दिवस होते की कायद्यानेच जोडप्यांना खोटे बोलावयास लावले. बडोदे संस्थानाने १९३१ साली हिंदूंसाठी लग्नविच्छेदाचा कायदा केला; मुंबई प्रांताने १९४७ साली केला; १९५५ साली हिंदू विवाह अधिनियम साऱ्या देशासाठी आला. पण १९५५ च्या अधिनियमात दोघांच्या संमतीने घटस्फोट नव्हता. तो १९७६ च्या दुरुस्तीने आला. मधल्या एकवीस वर्षांत ज्या जोडप्याला केवळ सामोपचाराने वेगळे व्हावयाचे होते, त्यांच्यापैकी एकाने दुसऱ्यावर कायद्यातील एखादा दोष ठेवावा आणि दुसऱ्याने तो मुकाट ऐकून घ्यावा, हाच काय तो मार्ग होता. संगनमताने आणलेला दावा फेटाळावा, असेही तोच अधिनियम सांगत होता. म्हणजे खरे बोलले तर घटस्फोट नाही, आणि खोटे बोलून मिळविला तर तो बेकायदा!

कौटुंबिक न्यायालयांच्या कल्पनेचे श्रेय दुर्गाबाई देशमुखांकडे जाते. चिंतामणराव देशमुखांशी त्यांचा विवाह १९५३ साली झाला. त्याच वर्षी चीनचा दौरा करून परतल्यावर, तेथील पद्धत पाहून, त्यांनी हा विषय नेहरूंकडे तसेच छागला आणि गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींकडे काढला. अधिनियम झाला तो १९८४ साली. पुण्यामुंबईस ही न्यायालये १९८९ साली आली. मूळ हेतू हा की घरचा वाद फौजदारी आखाड्यासारखा लढला जाऊ नये. म्हणून समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य ठरविले. वकील हा हक्क ठेवला नाही. पुराव्याच्या कायद्यात न बसणारा कागदही उपयोगी वाटल्यास पाहण्याची मुभा दिली. साक्ष शब्दशः न उतरविता तिचा सारांश लिहून घेणे पुरेसे मानले. हेतू चांगलाच आहे. पण शब्दशः न उतरविलेल्या साक्षीवरून पुढे 'हे वाक्य खोटे' असा खटला उभा करणे किती कठीण, हे कोणासही कळेल. ज्या दालनात समेटासाठी खुर्च्या गोलाकार मांडल्या, त्याच दालनातून तुरुंगाची वाट काढावी असे न्यायाधीशास वाटत नाही.

या सौम्यतेची किंमत मात्र कोणी तरी भरते. पोटगीच्या कामांत नवऱ्याने पगार लपवावा, दुकान भावाच्या नावे दाखवावे, बायकोने नोकरी दडवावी, हे नित्याचे झाले. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या एका पोटगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी यावर उपाय योजला. उभय पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न, कर्जे, खर्च यांचे ठरावीक नमुन्यातील प्रतिज्ञापत्र द्यावे. त्यात खोटेपणा आढळल्यास ३४० व्या कलमाची कार्यवाही आणि न्यायालयाचा अवमान या दोहोंचा विचार व्हावा. त्याआधी १९९३ साली वाटणीच्या एका दाव्यात त्याच न्यायालयाने बजावले होते की, महत्त्वाचा कागद दडवून, न्यायालयाची फसवणूक करून मिळविलेला हुकूमनामा मुळातच शून्यवत होय. व्यवहारात खोटे बोलणाऱ्याला तुरुंगापेक्षा हाच फटका अधिक बसतो. एक गोष्ट खोटी ठरली की न्यायाधीश बाकीच्या दहा गोष्टींवर विश्वास ठेवीत नाही. पोटगीचा आकडा बदलतो, मुलाचा ताबा डळमळतो, मिळालेला हुकूमनामा हातचा जातो.

आम्ही साक्ष देऊन आलो त्या प्रकरणात कोणी ३४० चा अर्ज केला नाही. करणार कोण? दोघांचेही हात सारखेच मळलेले. पावतीपुस्तकाचे उतारे न्यायालयाने ठेवून घेतले आणि दप्तर आम्हांस परत दिले. समुपदेशकापुढे चार-सहा बैठका झाल्या, पोटगीचा आकडा ठरला आणि काम निकाली निघाले, असे पुढे आजोबांकडूनच कळले. आईने तसे का लिहून दिले, हे आम्ही त्यांस विचारले नाही. त्यांनीच आपण होऊन सांगितले: बाप फी भरतो असे कळले तर न्यायालय काहीच देणार नाही, असे कोणी तरी तिच्या मनात भरविले होते.

पुढच्या जून महिन्यात आजोबा नेहमीप्रमाणे पहिल्या आठवड्यात फी भरावयास आले. पावती कोणाच्या नावे फाडू, असे लिपिकाने त्यांस विचारले. त्यांनी थोडा विचार केला आणि नातवाचे नाव लिहावयास सांगितले. स्थळप्रतीवर मात्र सही त्यांचीच घ्यावी, असे आम्ही लिपिकास आतून सांगितले.